मोबाइल कंपन्यांची झुंज आणि शेअरबाजारातील सट्टा



कामगार संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाने शेअरबाजारावर बोलायला का उभे राहावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आधी देऊन टाकतो. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. पगारवाढीच्या वाटाघाटींत मालकाचे रडगाणे खरे की खोटे हे पारखण्यासाठी ताळेबंद वाचावे लागले, आणि ते वाचता वाचता भांडवलाचे व्यवहार कळू लागले. शिवाय २०१५ सालच्या ऑगस्टपासून कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीत नव्याने जमा होणाऱ्या रकमेचा काही हिस्सा शेअरबाजारात गुंतवला जातो. आरंभी हा हिस्सा शेकडा पाच होता. दोन वर्षांत तो शेकडा पंधरावर गेला. ज्या कामगाराने दलालाची पेढी जन्मात पाहिली नाही, त्याचेही चार पैसे आज बाजारात आहेत. तेव्हा भाव कसे चढतात आणि कसे कोसळतात, हे जाणून घेण्याची गरज आता केवळ धनिकांची राहिलेली नाही.

बाजार अफाट आहे. त्याचा एकच कोपरा आज आपण पाहू. मोबाइल फोनच्या धंद्यात दोन-तीन कंपन्यांची तंत्रे एकमेकांशी झुंजत असतात, आणि ‘अमुक कंपनीचे तंत्र तमुक कंपनीवर मात करणार, म्हणून तिचा शेअर आजच घ्या’ असा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. आमच्या युनियनच्या कचेरीतही तो येऊन पोहोचला आहे. गेल्या काही वर्षांत निवृत्त होणारे कामगार ग्रॅच्युइटीचा चेक हातात पडल्यावर विचारू लागले आहेत, “दादा, ते फाइव्ह-जीचे शेअर घेऊन ठेवू का? पोरगा म्हणतो, दुप्पट होतील.” या प्रश्नाला ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असे एका शब्दात उत्तर देणे सोपे आहे, पण त्याने माणूस शहाणा होत नाही. म्हणून एक प्रत्यक्ष घडलेली, अथपासून इतिपर्यंत तपासता येईल अशी झुंज आपल्यापुढे मांडतो. ही झुंज अमेरिकेतील क्वालकॉम कंपनी आणि युरोपातील नोकिया, एरिक्सन आदी कंपन्यांची. तिचे पडसाद आपल्या नवी मुंबईपर्यंत उमटलेले आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. तंत्राचा विजय, कंपनीचा विजय, भागधारकाचा विजय आणि कामगाराचा विजय या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. सट्ट्याच्या धुंदीत या चारही एकच समजल्या जातात, आणि तेथेच फसगत होते.

लहर एक, बोलणारे अनेक

प्रथम भांडण कशाचे होते ते समजून घेऊ. मोबाइल फोन बिनतारी लहरींवर चालतो. या लहरींचा उपयोगी पट्टा मर्यादित असतो. बोलणारे मात्र लाखो. एकाच पट्ट्यावर इतक्या लोकांना बोलू द्यायचे कसे, हा मूळ प्रश्न.

युरोपातील राष्ट्रांनी मिळून जी पद्धत ठरवली तिचे नाव जीएसएम. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये या पद्धतीवरील पहिले संभाषण झाले. या पद्धतीत लहरींच्या पट्ट्याच्या बारीक पट्ट्या पाडतात आणि प्रत्येक पट्टीवर आठ जणांना पाळीपाळीने बोलू देतात. गिरणीत एकाच साच्यावर तीन पाळ्यांतले तीन कामगार काम करतात, तसेच हे. फक्त येथील पाळी सेकंदाच्या अगदी लहानशा अंशाची असते, म्हणून बोलणाऱ्याला खंड जाणवत नाही.

क्वालकॉमची पद्धत वेगळी. अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात १९८५ साली आयर्विन जेकब्स, अँड्र्यू विटर्बी आणि त्यांचे पाच सहकारी यांनी ही कंपनी काढली. जेकब्स हे पूर्वीचे प्राध्यापक. त्यांनी पुरस्कारलेल्या पद्धतीला सीडीएमए म्हणतात. तीत कोणालाही पाळी नाही. सर्वांनी एकाच पट्ट्यावर एकाच वेळी बोलायचे. हे कसे शक्य आहे? सोलापूरच्या विणकरवस्तीतील एखाद्या खोलीची कल्पना करा. एका कोपऱ्यात दोघे मराठीत बोलत आहेत, दुसऱ्यात तेलुगूत, तिसऱ्यात कानडीत, चौथ्यात दखनी उर्दूत. सर्वांचे आवाज एकमेकांत मिसळतात. तरी ज्याचा कान ज्या भाषेला सरावला आहे, त्याला तेवढेच बोलणे ऐकू येते आणि बाकीचा नुसता गलका वाटतो. सीडीएमएमध्ये प्रत्येक संभाषणाला असाच एक स्वतंत्र सांकेतिक साज चढवतात, आणि ज्याच्याजवळ तो संकेत असेल त्यालाच ते उलगडते. यात एक अडचण आहे. खोलीत एकानेही ओरडायला सुरुवात केली की सगळ्यांचेच बोलणे बुडते. मनोऱ्याजवळचा फोन मोठ्याने ‘ओरडतो’ आणि दूरचा बुडतो. म्हणून प्रत्येक फोनला ‘हळू बोल, जरा मोठ्याने बोल’ अशी सूचना सेकंदाला आठशे वेळा देण्याची युक्ती क्वालकॉमच्या मंडळींनी बसवली.

नोव्हेंबर १९८९ मध्ये त्यांनी सॅन डिएगोत या पद्धतीचा जाहीर प्रयोग करून दाखवला. तरीही हे व्यवहारात चालणारच नाही, निसर्गनियमांना सोडून आहे, असे म्हणणारे तज्ज्ञ पुष्कळ होते. १९९३ साली अमेरिकेत या पद्धतीला प्रमाण म्हणून मान्यता मिळाली, १९९५ साली हाँगकाँगमध्ये आणि १९९६ साली दक्षिण कोरियात ती प्रत्यक्ष चालू झाली. वादाचा शास्त्रीय भाग येथे संपला. पुढे भांडण राहिले ते पैशाचे.

मोहोर पाहून केलेला सौदा

आता शेअरच्या भावाकडे वळू. शेअरचा भाव कशावर ठरतो? कंपनीने काल काय कमावले यापेक्षा ती उद्या काय कमावील, या अपेक्षेवर. कोकणात आंब्याला मोहोर आला की बागेचा सौदा होतो. फळ अजून धरायचे आहे, अवकाळी पाऊस येईल की तुडतुडा पडेल हे ठाऊक नाही. तरी व्यापारी मोहोर पाहून किंमत ठरवतो. शेअरची खरेदी अशीच असते. फरक एवढाच की बागेचा व्यापारी निदान झाड पाहून येतो. शेअरबाजारातील खरेदीदाराने झाड पाहिलेले नसते, आणि पुष्कळदा त्याला आंबेही नको असतात. संध्याकाळपर्यंत तोच सौदा तिसऱ्याला चढ्या भावाने विकावा, एवढीच त्याची इच्छा असते. अपेक्षेवर केलेल्या खरेदीला गुंतवणूक म्हणता येईल. पण दुसऱ्याच्या अपेक्षेवर केलेली खरेदी हा सट्टा होय.

१९९९ साली क्वालकॉमच्या शेअरचे काय झाले ते पाहा. त्या वर्षीच्या मार्चमध्ये एरिक्सन कंपनीने क्वालकॉमशी चाललेले पेटंटचे भांडण मिटवले, एकमेकांची पेटंटे वापरण्याचा करार केला आणि क्वालकॉमचा मनोऱ्यांची यंत्रे बनवण्याचा विभाग विकत घेतला. डिसेंबरात क्वालकॉमने फोन बनवण्याचा विभागही जपानच्या क्योसेरा कंपनीला द्यायचे जाहीर केले. म्हणजे कंपनी यंत्रे आणि फोन बनवण्यातून अंग काढून घेऊ लागली. तिच्याजवळ मुख्यतः दोन गोष्टी उरल्या : फोनच्या आत बसणाऱ्या चिपा, आणि पेटंटांवरील रॉयल्टी. रॉयल्टी म्हणजे आमचे तंत्र वापरता ना, मग विकलेल्या प्रत्येक फोनमागे आम्हाला इतके द्या, असा हक्क. पूर्वीचा खोत दुसऱ्याच्या कष्टाच्या पिकातून वाटा घेत असे; बाजाराला हे उत्पन्न तसेच, विनाश्रमाचे वाटले. या खोताने निदान जमीन स्वतः लागवडीस आणली होती, हे न्यायाने म्हटले पाहिजे.

बाजाराने या उत्पन्नाचे मोल असे केले की, त्या एका वर्षात शेअरचा भाव शेकडा २,६१९ ने वाढला. वर्षारंभी १०० डॉलर घातलेल्याचे वर्षाखेरीस सुमारे २,७०० झाले. आता ताळेबंद काय सांगतो? कंपनीची एकूण वार्षिक उलाढाल १९९८ च्या हिशेबी वर्षात सुमारे ३३५ कोटी डॉलर होती, ती १९९९ मध्ये सुमारे ३९४ कोटी झाली. वाढ शेकडा अठराच्या आसपास. उलाढाल शेकडा अठराने वाढते आणि भाव सत्तावीस पट होतो, तेव्हा मधल्या फरकात नुसती आशा भरलेली असते.

ती आशा कशी फुगते, याचा नमुना २९ डिसेंबर १९९९ या एका दिवसात पाहायला मिळतो. पेनवेबर या नामांकित दलालपेढीच्या विश्लेषकाने जाहीर केले की, हा शेअर वर्षभरात १,००० डॉलरवर जाईल. त्याच दिवशी शेअर १५६ डॉलरने उसळून ६५९ वर गेला. कंपनीने त्या दिवशी एकही नवा शोध लावला नव्हता. एका माणसाने एक गोल आकडा उच्चारला होता, एवढेच. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे एका शेअरचे चार शेअर करण्यात आले, आणि जानेवारी २००० च्या आरंभी या नव्या, लहान शेअरचा भाव २०० डॉलरला भिडला.

त्यानंतर उतरण लागली. दक्षिण कोरियात फोनच्या किमतीत ग्राहकाला जी सवलत कंपन्या देत, तिच्यावर जून २००० पासून बंदी आली आणि खप घटला. चीनमधील युनिकॉम कंपनी सीडीएमए घेणार की नाही, याविषयी उलटसुलट बातम्या येत आणि प्रत्येक बातमीबरोबर भाव हिंदकळे. एकंदर बाजारातील तंत्रकंपन्यांची तेजीही त्याच वर्षी फुटली. २००२ सालच्या उन्हाळ्यात तो २०० डॉलरचा शेअर तीस डॉलरच्याही खाली आला होता. २००४ साली एकाचे पुन्हा दोन करण्यात आले, म्हणजे जुन्या शिखराचा भाव नव्या हिशेबाने १०० डॉलर. हा भाव ओलांडायला २०२० साल उजाडावे लागले. शिखरावर खरेदी केलेल्या माणसाला मधला लाभांश सोडल्यास आपली मुद्दल पाहायला वीस वर्षे थांबावे लागले. पन्नाशीत घेतले असेल तर सत्तरीत.

आता यातील मर्म पाहा. या वीस वर्षांत क्वालकॉम बुडाली नाही. उलट तिचा अंदाज शास्त्रदृष्ट्या खरा ठरला. युरोपाने तिसऱ्या पिढीच्या मोबाइलसाठी जी पद्धत निवडली, तीही संकेतांवरच चालणारी होती. म्हणजे जीएसएमच्या घरातच क्वालकॉमचे तत्त्व शिरले आणि रॉयल्टी सुरू राहिली. तंत्र जिंकले, कंपनी जगली, मोठी झाली. आणि तरीही २००० च्या जानेवारीतला भागधारक हरला. त्याचा अंदाज बरोबर होता, पण त्या अंदाजाची किंमत त्याने भरमसाट मोजली होती.

हे केवळ अमेरिकेतच घडते असे नाही. अमेरिकन यादवी युद्धामुळे १८६१ पासून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले. १८६५ साली युद्ध थांबले. १ जुलैच्या वायद्याच्या दिवशी मुंबईतील पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. समुद्र पुढे खरोखरच बुजवला गेला, त्यावर इमारती उभ्या राहिल्या. पण त्यात त्या शेअरधारकांचे काय?

कोर्ट, समिती आणि वावड्या

मोबाइलच्या झुंजीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कापडगिरण्यांची स्पर्धा कापडाच्या पोतावर आणि दरावर होते. गिऱ्हाईक हात लावून पाहू शकते. मोबाइलच्या तंत्राची स्पर्धा बरीचशी कोर्टात आणि प्रमाण ठरवणाऱ्या समित्यांत होते. तेथील कागदपत्रे समजणारे थोडे. म्हणून वावड्यांना रान मोकळे.

ऑक्टोबर २००५ मध्ये नोकिया, एरिक्सन, ब्रॉडकॉम, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, एनईसी आणि पॅनासॉनिक मोबाइल या सहा कंपन्यांनी क्वालकॉमविरुद्ध युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. नोकिया आणि क्वालकॉम यांचे तर देशोदेशीच्या कोर्टांत खटले चालू होते. रॉयल्टी किती असावी आणि ती फोनच्या पूर्ण किमतीवर घ्यावी की आतल्या चिपेच्या किमतीवर, हा वादाचा गाभा. जुलै २००८ मध्ये अमेरिकेतील एका खटल्याची सुनावणी सुरू होण्याच्या बेतात असताना दोघांनी पंधरा वर्षांचा करार केला. पुढे ॲपल कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये खटला भरला. १६ एप्रिल २०१९ रोजी सॅन डिएगोच्या कोर्टात वकील आरंभीची भाषणे करीत असतानाच तडजोड झाल्याची बातमी आली आणि क्वालकॉमचा शेअर एका दिवसात शेकडा तेवीसने चढला. त्याच दिवशी इंटेल कंपनीने फाइव्ह-जी फोनच्या चिपांचा आपला उद्योग गुंडाळत असल्याचे सांगितले.

आता विचार करा. बंद दाराआड दोन कंपन्यांचे अधिकारी काय बोलत आहेत, हे पुण्यातल्या किंवा नाशिकच्या सेवानिवृत्त माणसाला कसे कळावे? न्यूयॉर्कच्या दलालालाही ते माहीत नव्हते. ज्यांचा अंदाज बरोबर ठरला त्यांना आपण दूरदृष्टीचे म्हणतो. पण सोमवारी विकून मोकळे झालेले आणि मंगळवारी हात चोळत बसलेले यांच्या बुद्धीत काही अंतर होते असे मला वाटत नाही.

स्वतः कंपन्यांनाही आपल्या तंत्राचे भवितव्य नेहमी कळते असे नाही. चौथ्या पिढीसाठी क्वालकॉमने स्वतःची एक पद्धत पुढे आणली होती. नोव्हेंबर २००८ मध्ये तिने ती सोडून दिली आणि प्रतिपक्षाच्या एलटीई या पद्धतीची कास धरली. त्यात तिचे नुकसान झाले नाही, कारण नव्या पद्धतीतही तिने पेटंटे मिळवली होती. झेंड्याला धरून शेअर घेणाऱ्याला मात्र कोणता झेंडा धरावा हेच कळेना.

नवी मुंबईचा धडा

आपल्या देशात मोबाइलचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यातील संभाषणाने झाला. पद्धत जीएसएम. सीडीएमए मोठ्या प्रमाणावर आणली ती रिलायन्स इन्फोकॉमने, २००२ सालच्या डिसेंबराअखेर. तिचे मुख्य ठाणे नवी मुंबईत कोपरखैरणे येथे उभे राहिले. पोस्टकार्डापेक्षा स्वस्तात बोलता आले पाहिजे, ही धीरूभाई अंबानींची कल्पना. २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून फोन घरी नेण्याची योजना निघाली आणि रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सर्वांच्या हाती फोन आला. हे काम मोठे होते, यात शंका नाही. दर उतरले ते ग्राहकाच्या पथ्यावर पडले.

पुढे अंबानी बंधूंची वाटणी झाली. ही कंपनी रिलायन्स कम्युनिकेशन्स या नावाने २००६ साली शेअरबाजारात आली, आणि जानेवारी २००८ मध्ये तिच्या शेअरचा भाव आठशे रुपयांच्या वर गेला. परंतु सीडीएमएच्या फोनमध्ये निवडीला वाव थोडा होता; आरंभीच्या फोनांत सिमकार्ड बदलण्याची सोयच नव्हती, त्यामुळे ग्राहकाला कंपनी बदलायची तर फोनही बदलावा लागे. जग जीएसएमच्या मार्गाने जात होते. कंपनीला जीएसएमचे दुसरे जाळे उभारावे लागले, कर्ज वाढत गेले, आणि २०१६ सालच्या सप्टेंबरात थोरल्या बंधूंच्या जिओने दर पार खाली आणल्यावर टिकाव लागणे कठीण झाले. २०१७ च्या अखेरीस मोबाइलवर बोलण्याची सेवा बंद पडली आणि २०१९ साली कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. त्या वर्षाच्या मध्यास शेअर दोन रुपयांच्या आसपास होता. शंभर शेअर घेतलेल्याचे ऐंशी हजार दोनशे रुपयांवर आले. सेवा स्वस्त झाली, ग्राहक जिंकला. भागधारकाचे दिवाळे निघाले.

कारखान्यात काय घडले?

आता चौथ्या विजयाकडे, कामगाराच्या विजयाकडे येतो. शेअरच्या चर्चेत हा भाग सहसा येत नाही, म्हणून तो मी मुद्दाम सांगणार आहे.

जीएसएम पद्धत जगभर पसरली, आणि तिचा सर्वांत मोठा फोन-उत्पादक नोकिया. २००७-०८ च्या सुमारास जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा फोनांतील जवळजवळ चार नोकियाचे असत. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथे नोकियाचा कारखाना २००६ साली सुरू झाला. तेथे हजारो तरुण कामगार लागले. त्यांत आसपासच्या खेड्यांतील मुली पुष्कळ. घरातून पहिल्यांदाच महिन्याचा पगार आणणाऱ्या.

पडद्याला बोट लावून चालणारे नवे फोन आले आणि नोकिया मागे पडली. ३ सप्टेंबर २०१३ रोजी तिने फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकत असल्याचे जाहीर केले. त्या दिवशी हेलसिंकीच्या बाजारात नोकियाचा शेअर सुमारे एकतृतीयांशाने चढला. भागधारकांना वाटले, तोट्याचे ओझे उतरले. ते ओझे म्हणजे कोण? श्रीपेरुंबुदूरच्या खात्यांत उभ्या असलेल्या मुली. आयकर विभागाशी चाललेल्या तंट्यामुळे तो कारखाना मायक्रोसॉफ्टच्या व्यवहारात गेलाच नाही. तो तंटादेखील फिनलंडमधील मूळ कंपनीला दिलेल्या रॉयल्टीवरच्या कराचा होता. काही महिने कंत्राटावर काम चालले, स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या, आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी उत्पादन थांबले. विशी-पंचविशीच्या मुलांनी स्वेच्छानिवृत्ती घ्यायची, हा शब्द कोणत्या शब्दकोशात बसतो ते मला ठाऊक नाही. खुद्द मायक्रोसॉफ्टनेही जुलै २०१५ मध्ये या खरेदीपायी ७६० कोटी डॉलर बुडीत धरले आणि ७,८०० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले.

म्हणजे पाहा : जीएसएम पद्धत जिंकली, पण तिचा अग्रणी फोनच्या धंद्यातून उठला. शेअर त्या दिवशी चढला, आणि कारखाना बंद पडला. ‘कोण जिंकणार?’ या एका प्रश्नाला येथे चार निरनिराळी उत्तरे मिळतात.

भागधारक आपला शेअर पाच मिनिटांत विकून दुसऱ्या कंपनीत जाऊ शकतो. कामगाराला आपले घर, मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईबापांचे औषधपाणी विकून दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही. धोका पत्करतो म्हणून भांडवलाला नफा मिळतो, असे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत लिहिलेले मी वाचले आहे. धोका कामगारही पत्करतो. त्याची नोंद मात्र ताळेबंदाच्या कोणत्याही रकान्यात होत नाही.

बचत, गुंतवणूक आणि सट्टा

यावरून शेअरबाजार हे सर्वस्वी पाप आहे असा अर्थ कोणी काढू नये. क्वालकॉमने १९९१ साली जनतेला प्रथम शेअर विकले, ते प्रत्येकी १६ डॉलरला. तो पैसा कंपनीच्या हाती पडला, आणि तंत्र सिद्ध होण्याआधी ज्यांनी भरवसा ठेवला त्यांना त्याचे फळ मिळाले, यात गैर काही नाही. शोधाला भांडवल लागते. परंतु तोच शेअर पुढे हातोहात फिरतो तेव्हा एकाचा पैसा दुसऱ्याच्या खिशात जातो. त्यातून कंपनीला नवे यंत्र मिळत नाही की कामगाराला नवी नोकरी मिळत नाही.

भविष्यनिर्वाह निधीचा पैसा एखाद्या कंपनीच्या झुंजीवर लावला जात नाही. अनेक कंपन्यांच्या मिळून केलेल्या निर्देशांकात तो घातला जातो. त्याच्याही गुणदोषांवर वाद होऊ शकतो, पण तो सट्टा नव्हे. सट्टा चालतो तो वायद्यांत आणि ‘खात्रीच्या’ शेअरांत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांच्या वायदेबाजारात उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला, आणि सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. हा पैसा कोणाच्या घरातून गेला असेल, याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा.

म्हणून ग्रॅच्युइटीचा चेक घेऊन येणाऱ्या माणसाला मी चार प्रश्न विचारतो. पहिला : ही कंपनी पैसा कशातून मिळवते, माल विकून की दुसऱ्याच्या मालावरील हक्कातून? दुसरा : तिचे भवितव्य कोणाच्या हाती आहे; गिऱ्हाईकाच्या, की कोर्टाच्या, समितीच्या आणि सरकारी परवान्याच्या? तिसरा : ती जिंकेल हे तुम्हाला कळले आहे, तर तेच कळलेल्या हजारो लोकांनी भाव आधीच चढवून ठेवलेला नाही का? आणि चौथा : हा पैसा तुम्हाला केव्हा लागणार आहे? मुलीचे लग्न दोन वर्षांवर असेल, तर वीस वर्षांनी खरा ठरणारा अंदाज काय कामाचा?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधायला अभ्यास लागतो. चौथ्याचे उत्तर घरातल्या गृहिणीला अभ्यासावाचून ठाऊक असते. म्हणून तो प्रश्न मी घरी बायकोसमोर बसून सोडवायला सांगतो. पुष्कळ चेक त्यानंतर बँकेत मुदतीच्या ठेवीत गेलेले मी पाहिले आहेत. काहींनी थोडी रक्कम बाजूला काढून, बुडाली तरी चूल अडणार नाही असा हिशेब करून, शेअरही घेतले. त्यालाही माझी हरकत नाही.

मोबाइल कंपन्यांच्या झुंजी थांबलेल्या नाहीत. ॲपलने फोनमधील लहरींची चिप स्वतः बनवून २०२५ सालच्या फेब्रुवारीत आपल्या एका फोनमध्ये आणली आहे. क्वालकॉमशी तिची स्पर्धा आता नव्या वळणावर आहे. पुढच्या पिढीच्या तंत्राच्या चर्चा सुरू झाल्या आहेत आणि नवे आकडे उच्चारणारी माणसेही तयारच आहेत. त्यांचे जरूर ऐका. मात्र ‘कोण जिंकणार’ असे कोणी सांगू लागला, की त्याला एवढेच विचारा : चौघांपैकी कोण?